भुरीचा पान्हा

“मग हे खोटं नाही का, महाराज?”

शिवगिर गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. कल्याणगिर महाराज पेंढा भरलेलं रेडकू काखेत मारून भुरी म्हशीकडे निघाले होते.

भुरीचं रेडकू नुकतंच दगावलं होतं. खालच्या वाडीतल्या माणसांनी रीतीप्रमाणे त्याचं कातडं काढलं, त्यात पेंढा भरला, खाली काठ्यांचे पाय लावले. रोज सकाळी महाराज ते भुरीच्या पुढ्यात उभं करायचे आणि त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचे. भुरी त्याला चाटायची, आणि चाटता चाटता पान्हा सोडायची. मठाची चूल तिच्या दुधावर चालायची. वरकड तूप बाजारात जायचं आणि तिकडून दाणागोटा यायचा. म्हैस आटली असती तर मठात उपासाचं पुण्य फुकटात पदरी पडलं असतं.

“खोटं आहे की,” महाराज म्हणाले.

“आणि संन्याशानं खोटं वागायचं?”

“तू खरं वागून काढ दूध. ही घे चरवी.”

शिवगिर याच शब्दाची वाट पाहत होता. तो गवळ्याच्या घरचा. अर्धं आयुष्य म्हशीच्या पोटाखाली गेलेलं. पोटावरची दुधाची शीर किती जाड आहे, सड किती मऊ आहेत, दोहून झाल्यावर कास किती ओसरते, यावरून त्याचा बाप भर बाजारात म्हैस पारखायचा. बापापेक्षा लेकाची नजर तयार होती. निदान लेकाचं तसं मत होतं.

त्यानं कोमट पाण्यानं कास धुतली. बोटांना लोणी लावलं. कपाळ भुरीच्या कुशीला टेकवून बसला...

आणि तिथंच घात झाला. त्या उबेला, त्या वासाला घर चिकटलेलं होतं. पहाटेची रवी घुमायला लागली. डेऱ्यातून काढलेला लोण्याचा गोळा आईनं त्याच्या तळहातावर ठेवला. अंगणात शेण्या वाळत पडल्या. आईच्या लेखी म्हशीचं काही म्हणजे काही वाया जात नसे. म्हातारी म्हैस मेली तर कातडं मोटेला जायचं, शिंगांच्या फण्या व्हायच्या, आणि आई मात्र दोन दिवस जेवायची नाही. त्याला आईची फार आठवण आली. आठवण आली म्हणून स्वतःचा रागही आला.

मागच्या पौर्णिमेला ती डोंगर चढून मठाच्या पायरीशी आली होती. त्यानं तिच्याकडे पाठ करून सांगितलं होतं, “तुमचा नामदेव मेला, बाई. त्याचा पिंड मी माझ्या हातानं दिलाय.” शब्दन् शब्द खरा होता; संन्यास घेताना त्यानं आपल्या जुन्या नावाचा पिंड रीतीप्रमाणे स्वतःच दिला होता. तुपाचं गाडगं पायरीवर ठेवून ती निघून गेली. तेव्हापासून त्याला ध्यान लागत नव्हतं.

आज पुन्हा पौर्णिमा होती. ती आलीच, तर मागच्या वाटेनं रानात निघून जायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

कास तट्ट भरलेली. सडातून मात्र थेंब येईना.

“चोरतेय,” तो पुटपुटला. “पान्हा चोरतेय.”

त्यानं जरा जोर केला. भुरीनं लाथ झाडली. चरवी एकीकडे, शिवगिर दुसरीकडे.

महाराज हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी रेडकू भुरीच्या पुढ्यात उभं केलं. तिनं मान खाली घातली, हुंगलं... आणि चाटू लागली. महाराज खाली बसले. चरवीत धारा वाजायला लागल्या.

“फसली बिचारी,” शिवगिर धोतर झटकत म्हणाला.

“कोण म्हणतं?”

“मग?”

“मेलं तेव्हा तिनंच नाकानं ढकलून ढकलून बघितलं. गार पडलेलं अंग चाटलं. दावं तुटेस्तोवर ओरडली. तुला-मला कळलं, त्याच्या आधी तिला कळलं.”

“मग या पेंढ्याला कशाला चाटते?”

महाराज धारा काढत राहिले...

भुरीचे डोळे अर्धे मिटले होते. त्या कातड्यावरचे केस तिच्या जिभेनं एका बाजूला बसले होते. शिवगिर ते बघत राहिला.

एवढ्यात बाहेर पायरीवर कुणीतरी धापा टाकत बसलं. मग खोकल्याची उबळ आली. तो खोकला त्यानं लहानपणापासून ऐकलेला होता.

शिवगिर मागच्या दाराकडे वळला. अडसरावर हात ठेवला... आणि हात तिथंच राहिला.

“महाराज...”

“हं.”

“मी तिला काय सांगू? तिचा मुलगा मेलाय, हे तर मीच सांगून बसलोय. आता पुन्हा मुलगा होऊ, की संन्यासी राहू? काय बोलू तिच्याशी?”

महाराजांनी चरवीतून नजर उचलली नाही.

“बोलू नकोस काही. नुसता पुढ्यात उभा राहा.”