लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन

"सर, जो शेवटी आला तोच आधी जाणार ना?"

शर्वरी इंगवलेने पायरीवर उभ्याउभ्याच विचारलं.

मुजावर सर ओसरीच्या कडेला खाटेवर बसले होते. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कृष्णेवरून दुपारचा सुस्त वारा येत होता. कडुनिंबाचा मोहोर अंगणात झरत होता... आवाज न करता.

"कुणाबद्दल बोलतेस?"

"लोखंडाच्या इलेक्ट्रॉनांबद्दल."

शर्वरी त्यांचीच विद्यार्थिनी. विद्यापीठात पहिली आलेली, आता त्यांच्याच कॉलेजात शिकवत होती. परवा तिने फळ्यावर लोखंडाचा आयन मांडला. दोन इलेक्ट्रॉन काढायचे होते. तिने ते शेवटी भरलेल्या 3d या कक्षकांतून काढले.

"तेजल नावाची मुलगी उठली. म्हणाली, मॅडम, चुकलं. सगळ्या वर्गासमोर, सर! मी तिला बाहेर काढलं. तेव्हापासून ती आलीच नाही."

"पुस्तक उघडून पाहिलंस?"

"मला पुस्तक लागत नाही."

सरांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"बोट बुडव. लिही फरशीवर. आतले, आर्गॉनपर्यंतचे इलेक्ट्रॉन राहू देत, पुढचे लिही."

ती खाली बसली. ओल्या बोटाने तिने आधी 4s² लिहिलं, मग 3d⁶; आधी भरणारे दोन इलेक्ट्रॉन, मग सहा. उन्हाने तापलेल्या फरशीवर अक्षरं चकाकली.

"आता थांब."

दोघं बघत राहिली. आतल्या खोलीत पाळण्याची कडी कुरकुरत होती. कुणीतरी झोपेतच गुणगुणत होतं...

आधी 4s² पुसट झालं. मग दिसेनासं झालं. 3d⁶ अजून ओलं होतं.

शर्वरी हसली. "आधी लिहिलं, आधी वाळलं. हे काही कारण नव्हे, सर."

"नव्हेच."

सरांनी मान वळवून आतल्या खोल्यांकडे पाहिलं.

"हे घर मी बांधलं. सगळ्यांत आधी मीच राहायला आलो. मग सून आली, नातवंडं आली. आतल्या खोल्या भरल्या... आता माझी खाट कुठंय?"

शर्वरीने पाहिलं. खाट ओसरीच्या अगदी कडेला होती. एक पाय खाली सोडला, की अंगण.

तिचे कान तापले. भरताना 4s आधी भरतं. पण 3d भरू लागलं, की 4sच सगळ्यांत बाहेर उरतं. जाताना तेच आधी जातं. हे याच ओसरीवर सरांनी तिला शिकवलं होतं. आणि वर्गात ती तेजलच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली होती, आधी नीट शिकून ये.

"तिचं बरोबर होतं, सर."

"हं."

"मी कुठल्या तोंडाने तिला परत बोलवू?"

"बोलवू नकोस."

"मग?"

"तिच्या घरी जा. आणि जाताना वही घेऊन जा, शिकायला जातात तशी."