डाव्या पुडीवरची कणीक

“…मग रंगनाथाचं डोकं का दुखत नाही, बुवा?”

सोपानने विचारलं आणि दारातून आत येणाऱ्या उन्हाकडे पाठ केली. हल्ली त्याला उजेड सोसत नसे.

दिवाळीत भजनाहून परतताना दोघं एकाच मोटारसायकलवरून पडले होते. वळणावरची एकच खडी, दवाखानाही एकच. दोघांच्याही मेंदूला मार. आता शिमगा उलटला होता. रंगनाथ बाहेर मठाच्या ओसरीवर पखवाज वाजवत होता. सोपानला झोप नव्हती, बोलताना शब्द निसटत होते आणि कपाळात ठणका होता. भजनात बुवांच्या उजव्या हाताला पखवाज घेऊन बसायची त्याची जागाही आता रंगनाथाकडे होती.

उद्या उत्सव होता.

“डॉक्टर काय म्हणाले?” बुवांनी विचारलं.

“मार भरून आलाय. राहिलेलं हळूहळू जाईल. वर विचारतात, मन कसं आहे?”

“मग?”

“मी म्हटलं, लागलंय ते डोक्याला. मनाचं काय विचारता?”

बुवा त्याचा चेहरा न्याहाळू लागले.

“तुम्हालाही हे सोंग वाटतं.”

“नाही रे. दुखणं खरं आहे. चेहरा उतरलाय तुझा.”

“मग उद्या मला बसू द्या. दुखलं तरी वाजवीन. त्याच्यापेक्षा चांगलंच वाजवीन.”

“आण तुझा पखवाज.”

सोपानने खुंटीवरून पखवाज काढला, गवसणी सोडली… आणि थांबला.

वाजवण्याआधी डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, ओली कणीक थापतात, तेव्हा घुमारा येतो. वाजवून परतलं की ती लगेच खरवडून काढतात. सोपानच्या पुडीवर दिवाळीतली कणीक तशीच होती. दगडासारखी. तिने कातडं ओढून धरलं होतं.

“काढली नाहीस?”

“मी दवाखान्यात होतो.”

“आल्यावर?”

“…रंगनाथ काढायला आला होता.”

“मग?”

“मी हात लावू दिला नाही.”

सोपानने सुरी उचलली. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“पुडी फाटेल.”

त्यांनी तांब्यातलं पाणी पंच्यावर ओतलं, तो ओला पंचा कणकेवर ठेवला आणि सोपानचा तळवा त्यावर दाबला.

“आता?”

“आता बस.”

दोघं बसून राहिले. ओसरीवरून बोल ऐकू येत होते. सोपानच्या कपाळाची शीर उडू लागली.

“दुखतंय?”

“लय पळवतोय तो. समेवर येताना घाई करतो, पहिल्यापासून सवय आहे त्याची.”

“मी डोक्याचं विचारलं.”



ओसरीवरचे बोल मध्येच थांबले. सोपानने दाराकडे पाहिलं. रंगनाथ भिंतीला टेकून, डोळ्यांवर उपरणं घेऊन बसला होता.

“काय झालं त्याला?”

“रोज होतं. दुखायला लागलं की थांबतो. मला सांगतो. मग पुन्हा वाजवतो.”

“मला कधी बोलला नाही…”

“तू कधी विचारलंस?”

पंच्याखाली कणकेची एक कड सुटून त्याच्या बोटांना लागली. बाकीची अजून घट्ट होती.

“उद्या कोण वाजवणार, बुवा?”

“रंगनाथ.”

“…आणि मी?”

“तू त्याच्या शेजारी बस. डोकं दुखलं तर मला सांगू नकोस. त्याला सांग.”