गालधोंड्याचा रवळू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका; मला जिनं सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. सह्याद्रीच्या कुशीत शिवणघोळ नावाचं गाव होतं. तिथे रवळू नावाचा शिकारी राहायचा, आणि पारधीच्या दिवशी त्याच्या गालात शिसं असायचं.

गालात शिसं कशाला, असं तुम्ही विचारणार. सांगतो. त्या काळी बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग शिशाचे छर्रे, वर आणखी एक बोळा, आणि गजानं सगळं ठासून बसवायचं. एवढं होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात जेवून परत यायचं. म्हणून शिवणघोळच्या शिकाऱ्यांनी युक्ती काढली होती. पुढच्या बाराचे छर्रे ते गालात धरून चालायचे. पिशवीत ठेवले तर छर्रे खुळखुळतात आणि जनावर सावध होतं. गालात ते गप्प राहतात आणि हात मोकळे राहतात. पहिला बार उडाला की दारू ओतायची, बोळा सारायचा, नळीला ओठ लावायचे आणि छर्रे आत सोडायचे. माप म्हणाल तर गाल. ज्याचं तोंड मोठं त्याची बंदूक खांद्याला मोठी लाथ मारायची. आणि गावातल्या बायका म्हणायच्या, पारधीला गेला तेवढा दिवस तरी नवरा उलटून बोलत नाही.

रानाचा एक नियमही होता. जाळी हलली तर बंदूक चालवण्याआधी हाक मारायची, "कोण रे?" आत माणूस असेल तर त्यानं म्हणायचं, "मी रे." जनावर काही बोलत नाही. उत्तर आलं नाही तर चाप ओढायला मोकळीक. नियम वाडवडिलांचा आणि गालातले छर्रेही वाडवडिलांचे. हाक मारायला तोंड लागतं आणि तोंडात तर शिसं असतं, हे काही वाडवडिलांच्या लक्षात आलं नाही. शहाण्या माणसांच्या गावातही असं होतं.

रवळूचा जिवाभावाचा सोबती होता गोमा. दोघांनी एका दिवशी बंदूक हाती धरली, एका मांडवात लग्नं केली. गोमा बोलका. तो हसला की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करून बघत, असं म्हणतात. त्याची बायको आवडू तेवढीच कमी बोलायची, पण बोलली की ते शब्द लोक बरोबर घेऊन घरी जायचे.

त्या वर्षी वैशाखात गावानं पारध काढली. डुकरांनी आदल्या साली नाचणी उकरून टाकली होती, ती आता पुन्हा पेरायची होती. पेरणीआधी डोंगरउतारावर पालापाचोळा जाळून राब भाजले होते. त्या धुरानं सगळं रान निळं झालं होतं. झाडं जमिनीवर उभी नसून तरंगत आहेत असं वाटत होतं. हाकाऱ्यांचे ढोल कुठून वाजताहेत ते कळत नव्हतं. रवळू त्या धुरातून चालत होता आणि त्याला वाटत होतं की आपण हे रान पूर्वी कधी पाहिलेलंच नाही. मग करवंदीची एक मोठी जाळी हलली.

रवळूनं हाक मारली. गालात छर्रे होते, ते खाली टाकायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते "कोण रे" नव्हतं, नुसताच हुंकार होता. जाळीतूनही तसाच एक हुंकार आला. डुकराचा असतो तसा. रवळूनं चाप ओढला.

जाळीत गोमा होता. त्याच्याही गालात छर्रे होते.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. पंचांनी विचारलं, हाक मारली होतीस का? रवळूनं मान डोलावली. उत्तर आलं होतं का? रवळू गप्प राहिला. तो काल दुपारपासून एक शब्द बोलला नव्हता, त्यानं अन्नालाही तोंड लावलं नव्हतं. पंच म्हणाले, दुःखानं वाचा गेली बिचाऱ्याची. नियम पाळलेला आहे, दोष कुणाचाच नाही, देवाची मर्जी. असं म्हणून ते उठायला लागले.

तेव्हा आवडू पुढे आली. तिच्या पोटात तेव्हा मूल होतं. ती रवळूसमोर उभी राहिली आणि तिनं एकच गोष्ट विचारली, जी पंचांना सुचली नव्हती.

"भावजी, हाक मारलीत तवा तोंड रिकामं व्हतं?"

रवळूनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं तोंड उघडलं, आणि कालचे छर्रे एकेक करून बाहेर पडले. आवडूनं खाली हात धरला होता. त्यानं ते टाकले नव्हते, गिळलेही नव्हते. रात्रभर ते गालातच धरून तो बसला होता. तिची ओंजळ शिशानं काळी झाली.

आवडूच्या कमरेला गोमाची तपकिरीची नळी होती, बांबूची. तपकीर तिनं तिथेच मातीत झटकून टाकली आणि ओंजळीतले छर्रे नळीत ओतले. ते जिथपर्यंत आले तिथे कोयत्यानं खूण केली. नळी रवळूच्या हातात दिली.

"हे माप. छर्रे कमरेला, तोंड माणसाला. गावाला शिकवा."

रवळूला पहिल्यांदा शब्द फुटला. त्यानं विचारलं, "वयनी, मला माफी कधी?"

"त्यानं जाळीतनं 'मी रे' म्हटलं की," आवडू म्हणाली. "माझ्या हातात नाय ते."

एवढं बोलून ती घरी गेली. आणि मग बरीच वर्षं तिनं रवळूशी बोलणं ठेवलं नाही.

रवळूनं त्यानंतर बंदूक धरली नाही. पण पारध काही थांबवता येत नव्हती. डुकरं नाचणी खायची ती खातच होती. मग रवळू गावचा मापवाला झाला. बांबूच्या बारीक नळ्या तोडून आणायचा आणि गोमाच्या नळीवरच्या खुणेएवढ्या कापायचा. खुणेपर्यंत दारू, आणि त्याच नळीनं खुणेपर्यंत छर्रे. जेवढी दारू तेवढे छर्रे, एक दाणा जास्त नाही. एकेका बाराचे छर्रे एकेका नळीत भरायचे आणि वर सावरीचा कापूस दाबायचा, म्हणजे खुळखुळ बंद. तोच कापूस पुढे बंदुकीच्या नळीत वरचा बोळा म्हणून चालायचा. या नळ्या कमरेच्या पट्ट्यात ओळीनं खोचून शिकारी रानात शिरायचे, आणि बंदुका पूर्वीपेक्षा सरळ चालायच्या. म्हातारे आधी कुरकुरले. मग त्यांनीही नळ्या मागून घेतल्या, पण संध्याकाळी, कुणी बघत नसताना.

रानाच्या तोंडाशी एक धोंडा आहे. पारधीच्या दिवशी रवळू तिथे उभा राहायचा आणि प्रत्येकाला तोंड उघडायला लावायचा. पान, सुपारी, तंबाखू, जे असेल ते तिथेच थुंकायचं. गावचा पाटील असला तरी सुटका नाही. त्या धोंड्याला लोक गालधोंडा म्हणायला लागले.

मग रवळू सगळ्यांच्या पुढे चालायचा, हातात काठीसुद्धा नाही. जाळी हलली की तो हाक मारायचा. आणि इथून पुढचं, बाबांनो, मी पाहिलेलं नाही, पण असं म्हणतात, की त्याच्या हाकेला रान उत्तर द्यायला लागलं. पिलं पोटाशी घेऊन बसलेली डुकरीण असली, गाभण सांबरीण असली, तर जाळीतून अगदी हळू आवाज यायचा, "मी रे." मग शिकारी बंदुका खाली करायचे आणि पाय न वाजवता पुढे जायचे. माजलेला डुक्कर मात्र कधी बोलला नाही. अशानं गावाला मांस मिळत राहिलं, नाचणीही राहिली आणि रानही सरलं नाही.

सगळं रान बोललं. एकच जाळी बोलली नाही. दर वैशाखात रवळू करवंदीच्या त्या जाळीपाशी यायचा, सगळ्यांना मागे थांबवायचा आणि हाक मारायचा. थांबायचा. राबाचा निळा धूर त्याच्या अंगावरून जायचा आणि त्याला वाटायचं, आता. आता येईल. पण करवंदीची पानं हलायची आणि गप्प व्हायची. रवळूला फार एकटं वाटायचं. त्याचे केस पिकले, त्याची बायको गेली, तरी त्यानं त्या जाळीपाशी जायचं सोडलं नाही.

इकडे आवडूला मुलगा झाला होता. त्याचं नाव पुनाजी. बापाला त्यानं पाहिलेलं नव्हतं. मोठा होऊन तो चांगला शिकारी झाला, आणि आवडूनं त्याला रवळूच्या हातची नळी घ्यायला कधी अडवलं नाही.

एका वर्षी पारध डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ठरली. आवडू आता म्हातारी झाली होती. पारध लांब आहे असं समजून ती गोमाच्या जाळीपाशी गेली. गोमाच्या तिथीला ती दर वर्षी तिथे जायची, चार करवंदं तोडून नवऱ्याच्या नावानं पानावर ठेवायची. पण त्या वर्षी धूर असा दाटला की हाकारी वाट चुकले. ढोल फिरत फिरत अलीकडे आले. एक डुक्कर त्यांच्या पुढून निसटलं आणि करवंदीच्या रोखानं धावलं. पुनाजी त्याच्या मागे, रवळू पुनाजीच्या मागे.

जाळी हलली. पुनाजीनं बंदूक खांद्याला लावली. रवळूनं हाक मारली, "कोण रे?"

उत्तर आलं नाही. जाळी पुन्हा हलली, आत काहीतरी काळं दिसलं.

इतक्या वर्षांत त्या जाळीतून कधीच उत्तर आलं नव्हतं. रानाच्या नियमानं आता रवळूनं बाजूला व्हायचं होतं. पुनाजी त्याच्याकडे बघत थांबला होता. रवळूचे पाय हलेनात. तो बंदुकीच्या नळीसमोर आला आणि त्यानं पुन्हा हाक मारली. या वेळी ती पारध्याची हाक नव्हती. आपलं माणूस हरवलं की मारतात तशी होती.

"कोण रे?"

"मी रे."

आवाज पुरुषाचा होता, भरदार. वरच्या कड्यावर चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या. पुनाजीच्या हातातली बंदूक आपोआप खाली आली.

जाळीच्या एका बाजूनं डुक्कर निघून गेलं. दुसऱ्या बाजूनं आवडू बाहेर आली. तिचे ओठ जांभळे झाले होते आणि दोन्ही गाल फुगलेले होते. नवऱ्यासाठी तोडता तोडता म्हातारीनं करवंदं तोंडात टाकली होती, आणि हाक ऐकूनही तिला बोलता आलं नव्हतं. तिनं हात पुढे धरला आणि करवंदं त्यात थुंकली. ओंजळ काळी झाली. तिनं ओंजळीकडे पाहिलं, मग रवळूकडे.

"मी नाय बोलले, भावजी," ती म्हणाली. "माझं तोंड भरलेलं व्हतं."

रवळू खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आवडू त्याच्याजवळ बसली. "फिटलं आता," ती म्हणाली, आणि वर्षानुवर्षं न बोललेलं सगळं दोघं तिथे बसून बोलत राहिली, धूर विरेपर्यंत. पुनाजी जरा लांब उभा होता. बापाचा आवाज त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता.

रवळू पुढे कधी गेला, कसा गेला, याबद्दल गावात एकमत नाही. कुणी म्हणतात घरी खाटेवर गेला, कुणी म्हणतात त्याच धुरात चालत चालत दिसेनासा झाला. मला विचाराल तर दोन्ही खरं असेल.

आता शिवणघोळमध्ये पारध होत नाही आणि ठासणीच्या बंदुका कधीच गंजून गेल्या. पण वैशाखात एक दिवस गाव रानाच्या तोंडाशी जमतं. गालधोंड्यापाशी सगळे तोंड रिकामं करतात. मुंबईहून आलेले जावईसुद्धा गुटखा थुंकतात. बांबूच्या नळीत खुणेपर्यंत करवंदं भरून ती जाळीखाली ठेवतात. त्या गावात घास तोंडात असताना कुणी हाक मारली, तर मूल घास काढून हातात घेतं आणि ओ देतं, आणि त्याला कुणी रागावत नाही. आणि घरात नवराबायको अबोला धरून बसली की म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, छर्रे कमरेला, तोंड माणसाला.

शेवटी गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस जाळीकडे तोंड करून हाक मारतं, "कोण रे?" मग सगळे गप्प उभे राहतात. थोड्या वेळानं माणसं घराकडे वळतात. ज्याचं कुणी गेलेलं असतं तो जरा जास्त वेळ थांबतो, आणि त्याला कुणी चल म्हणत नाही.