ओट्यासमोरचा पाट

हळदीच्या पेठेतला एक व्यापारी एकदा नवं घर बांधत होता. हाताशी पैसा होता आणि हौस तर पैशाहून जास्त. स्वयंपाकघर उत्तम व्हावं म्हणून त्यानं त्या कामातल्या एका वृद्ध जाणत्याला बोलावलं. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. अण्णा तोंडाचे फटकळ होते. गिऱ्हाईक नाराज होईल याची त्यांना कधी फिकीर नसे. पण त्यांनी करून दिलेल्या स्वयंपाकघरात बायामाणसांची कंबर धरत नाही, असं लोक सांगत.

वयामुळं अण्णांचं फिरणं कमी झालं होतं, म्हणून मोजमापाला त्यांचा शिष्य गेला. पोरगा मन लावून काम करणारा. व्यापाऱ्याच्या राहत्या घरातलं जुनं स्वयंपाकघर त्यानं कोपरान् कोपरा मोजलं. मग बाहेरच्या खोलीत बसून त्यानं व्यापाऱ्याच्या पत्नीला, पद्मक्कांना, विचारलं, "काकू, तुम्हाला काय काय हवं?"

उत्तर व्यापाऱ्यानंच दिलं. "तिला काय विचारता? तिला सगळं चालतंय."

पद्मक्का हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

शिष्यानं परत येऊन हे बोलणं अण्णांना जसंच्या तसं सांगितलं आणि नकाशा काढला. ओट्यावर पांढराशुभ्र दगड, आढ्यापर्यंत कपाटं, त्यांना मुठी नाहीत, नुसतं दाबलं की उघडणारी. व्यापारी खूश झाला. पण आपल्या पसंतीखेरीज सुतार लावायचा नाही, असा अण्णांचा नियम होता. म्हणून नकाशा घेऊन गुरुशिष्य दोघंही त्या घरी गेले.

अण्णा येणार म्हणून पद्मक्कांनी पहाटेपासून स्वयंपाकघर घासलं होतं. डबे उंचीप्रमाणं लागले होते. ओट्यावर पाण्याचा थेंब नव्हता. अण्णा उंबऱ्यात थांबले आणि करवादले, "इथं कुणी राहतं का, का नुसतंच पुसतं?"

पद्मक्का वरमल्या. शिष्याला त्यांची कणव आली, आणि आपल्या गुरूचा थोडा रागही.

तेवढ्यात अण्णा गुडघे धरत खाली बसले. ओट्यासमोरच्या फरशीवरून त्यांनी तळवा फिरवला. तिथं चार ठिपके झिजले होते, चौकटीच्या चार कोपऱ्यांसारखे. ते उठले, दाराआड डोकावले आणि तिथं उभा करून ठेवलेला एक लाकडी पाट त्यांनी ओढून काढला. उलटा केला. पाटाच्या चारी पायांना जुन्या चपलेचं रबर खिळ्यांनी ठोकलेलं होतं.

अण्णांनी पाट काखोटीला मारला.

"हा मी नेतो."

"अहो अण्णा," व्यापारी हसला, "पाटच पाहिजे तर नवा शिसवी देतो की!"

"हाच पाहिजे. आणि हा माझ्याकडं असेस्तोवर ह्या घरात शेगडी पेटवायची नाही. जेवणाचा डबा माझ्या घरनं येईल."

पद्मक्कांचा चेहरा पांढरा पडला. "तेवढा राहू द्या हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आता पाटाचा न् शेगडीचा काय संबंध?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मला काय विचारता? ज्यांना सगळं चालतंय त्यांना विचारा," असं म्हणून अण्णा चालू लागले.

वाटेत शिष्य धुसफुसत होता. एवढं मोठं काम, आणि गुरूनं गिऱ्हाइकाचा पाट उचलून आणला! "अण्णा, हे काम आता हातचं गेलं," तो म्हणाला. "गेलं तर गेलं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी स्वतः अण्णांच्या कारखान्यात आला. हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी त्यानं पाणी घेतलं, पण प्यायला नाही.

"विचारलं मी तिला," तो म्हणाला. "ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. लग्न होऊन आली तेव्हापासून. ओटा आमच्या वडलांनी माझ्या मापानं बांधलेला, तिचा हात पुरत नाही. कुणी आलं की पाट दाराआड लपवते. लाज वाटते म्हणाली." त्यानं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. "मागं तिचं मनगट मोडलं होतं. अंगणात घसरले म्हणाली होती. ती ह्या पाटावरनं पडली होती, अण्णा. आणि मी अंगणातली फरशी बदलून घेतली. पेठेत सांगत फिरलो, बायकोसाठी फरशी बदलली म्हणून."

शिष्यानं मान खाली घातली. नव्या नकाशातला ओटा त्यानं जुन्या ओट्याच्या उंचीचाच काढला होता. काकूंच्या हाताची सवय मोडू नये म्हणून.

व्यापारी गेल्यावर तो म्हणाला, "अण्णा, मी ओटा बरोबर मोजला होता."

"बरोबरच मोजलास. पण ओट्याला काही दुखत नाही, बाळ. माणूस पाहुण्याला घर दाखवताना आधी स्वतःची अडचण आवरून ठेवतं. आपण जातो, आवरलेलं मोजतो आणि तीच अडचण नव्या दगडात पक्की बसवून देतो. वर पैसे घेतो."

"मग तिथंच सांगायचं होतंत शेठना."

"सांगितलं असतं, तर त्यानं हसून बायकोला चांदीच्या फुल्यांचा पाट करून दिला असता. मनानं वाईट नाही तो. त्यानं कधी विचारलं नव्हतं, एवढंच. ते त्यानंच विचारायला हवं होतं."

अण्णांनी पाट नकाशाशेजारी ठेवला. पाटाची जेवढी उंची, तेवढा ओटा खाली आला. वरची कपाटं हात पोचेल तिथवर उतरली, त्यांना धरायला मुठी आल्या. दगडाचं मात्र शिष्य विचारायला गेला, या वेळी थेट स्वयंपाकघरात. पद्मक्का म्हणाल्या, "डाग पडला तर छातीत धस्स होणार नाही, असा कुठला दगड असतो का रे?"

राखाडी, बारीक ठिपक्यांचा ग्रॅनाईट बसला.

नव्या घरात पहिली भाकरी थापताना पद्मक्कांचा उजवा पाय सवयीनं उचलला गेला, पाट चाचपडत राहिला, आणि हळूच जमिनीवर टेकला. व्यापारी भिंतीशी, अण्णांनी परत दिलेल्या त्याच पाटावर जेवायला बसला होता. त्यानं ते पाहिलं. ताट त्यानं स्वतः उठून घेतलं.

त्यानंतर शिष्य कुणाच्या घरी मोजमापाला निघाला, की आधी निरोप धाडी: "आम्ही येतोय. कृपा करून काही आवरू नका."