सासूबाईंची चिठ्ठी

वाघुळदे हेडमास्तरांच्या शाळेत खडूसुद्धा विचारून झिजायचा. तिथं करुणा सपकाळे बीएडच्या सरावासाठी सोळा आठवडे आली. शाळा साडेबाराला सुटायची. एक वाजता तिला मेडिकलच्या दुकानात कामावर जायचं असे. त्याच पगारावर तिची फी भरली जात होती. पण हेडमास्तर तिला रोज पाचपर्यंत पेपर तपासायला बसवत. शेवटी दुकानदारानं बजावलं, "परवापासून उशीर झाला, तर मी दुसरी बाई बघतो."

सकाळी करुणानं हेडमास्तरांना सांगितलं, "सर, लवकर सोडा, नाहीतर थोडं मानधन द्या."

हेडमास्तर खुर्चीत रेलले. "अगं, तू अजून विद्यार्थिनी. विद्यार्थ्याला कुठं पगार असतो का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, तशी करुणानं त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'आमच्या सुनेला शाळा सुटल्यावर थांबवायला परवानगी नाही.' खाली सासूबाईंची वाकडीतिकडी सही.

"हे काय?"

"बाहेर तुमचीच सूचना लावलीय, सर. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही विद्यार्थ्याला थांबवायचं नाही. मी विद्यार्थिनी, सासूबाई पालक. थांबवायचंच असेल तर मला शिक्षिका म्हणा, मग पगाराचं बोलू."

हेडमास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. शुद्धलेखनाचीही चूक सापडेना. "जा," ते म्हणाले.

करुणा वेळेत दुकानात पोचली. पेपर मात्र तिथंच पडले होते. ते तपासत हेडमास्तर स्वतः पाचपर्यंत बसले आणि उठताना कंबर धरून शिपायाला म्हणाले, "एवढं सगळं ती पोरगी रोज फुकट करत होती होय रे?"