कासारणीने धरलेला हात

नदीकाठच्या एका गावात तान्हूबाई नावाची विणकरीण राहत होती. पहाटेपासून ती मागावर बसायची. गावातल्या निम्म्या लुगड्यांना तिचाच हात लागलेला. वय पन्नाशीला आलं, तरी वैद्याची पायरी ती कधी चढली नव्हती आणि ते ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

दर वर्षी द्वारका कासारीण डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावात यायची. यंदा तिने तान्हूबाईचा हात हातात घेतला आणि नेहमीच्या मापाची बांगडी चढवली, तर ती सरकत थेट कोपरापर्यंत गेली.

"आक्का, गेल्या साली हीच बांगडी साबण लावून चढवली होती मी. हात का वाळला?"

"कामाने वाळला. तू लहान माप काढ."

"काढते. पण बोटावरची ही जखम कधीची? आणि मी आल्यापासून तुम्ही तीन तांबे पाणी प्यालात. वैद्यबुवांना दाखवा, आक्का."

आळीतल्या बायका बघतच राहिल्या. तान्हूबाईचा पारा चढला. "बांगड्या भरताना असलं अभद्र बोलतेस? ऊठ इथून!"

द्वारका टोपली उचलून गेली. एक गिऱ्हाईक तुटलं, पण बोलल्याचा तिला पस्तावा झाला नाही.

तान्हूबाई मात्र मागावर बसली आणि तिचं लक्ष लागेना. जखम खरंच महिनाभराची होती. दोन दिवस तिने स्वतःशीच वाद घातला, तिसऱ्या दिवशी वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी सगळं विचारून घेतलं, तपासलं. "मधुमेह आहे. पण वेळेवर आलीस. असंच अंगावर काढलं असतंस, तर डोळ्यांवर आणि पायांवर बेतलं असतं. औषध घे, गूळ सोड, रोज चाल आणि दर दोन महिन्यांनी दाखवून जा."

तिने सगळं पाळलं. जखम भरली, अंगात पुन्हा बळ आलं.

पुढच्या वर्षी द्वारका आळीत शिरताच तान्हूबाई धावत गेली आणि तिचे दोन्ही हात धरले. "बाई, तू बोललीस म्हणून मी आज धड आहे. मी तुला हाकललं, तेवढं पोटात घाल."

द्वारका हसली, पण तिला धाप लागली होती. पाय सुजले होते.

"हे कधीपासून गं?"

"माझं काय, आक्का! सतत फिरती मी, होतंच असं."

तान्हूबाईने तिची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. "चल, आधी वैद्यांकडे. बांगड्या मागाहून."

वैद्यांनी नाडी पाहिली. "हृदयाच्या दुखण्याची नुकती सुरुवात आहे. हीही वेळेवर आली."

द्वारकाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तिने गावोगावच्या बायकांचे हात धरले होते. तिचा हात मात्र कोणीतरी धरला, तो आज पहिल्यांदा.

तात्पर्य: दुखणं लहान असतानाच दाखवून घ्यावं, आणि ज्याने ते आपल्या ध्यानात आणून दिलं, त्याच्या तब्येतीचीही आठवणीने चौकशी करावी.