पैलठाणची तिसरी हाळी

एका राज्यात शामला नावाची नदी होती. तिथे राजा आधी आला की नदी, असे कुणी विचारले, तर म्हातारी माणसे नुसते नदीकडे बोट दाखवीत. नदी रुंद, खोल आणि मानी होती. तिचे दोन्ही काठ उभ्या कड्यांचे. नाव लावता येईल अशी जागा एकच, आणि त्या जागी पलीकडच्या काठावर वसले होते पैलठाण. समुद्राकडचे मीठ पैलठाणवरून येई, मुलखातले धान्य पैलठाणवरून जाई. ज्याच्या हाती पैलठाण, त्याच्या हाती राज्याची नाडी.

पैलठाणच्या नावाड्यांचा नदीशी एक करार होता. दिवसाची शेवटची नाव सोडण्याआधी नावाड्याने खालच्या पायरीवर उभे राहून तीनदा हाळी द्यायची, "कोणी राहिलंय का?" दर हाळीनंतर ओंजळभर पाणी घ्यायचे, आणि ते बोटांच्या फटींतून आपोआप गळून जाईपर्यंत थांबायचे. कोणी ओ दिली तर त्याला घ्यायचे. तिसरी ओंजळ गळाली की नाव सोडायची. नावाडी एवढे पाळीत, म्हणून शामलेने त्यांची नाव कधी बुडवली नव्हती.

मग कर्कोळ आला.

कर्कोळ हा मांत्रिक. तो चिखल मळून शिपाई बनवी आणि माणसाचा आवाज काढून घेऊन त्या शिपायाच्या तोंडात भरी. आवाज गेलेला माणूस मुका होई आणि चिखलाचा शिपाई चालू लागे. असे सातशे शिपाई घेऊन तो एका तिन्हीसांजेला पैलठाणवर चालून आला.

त्या सांजेला शेवटची नाव होती हैबती नावाड्याची. नावेत माणसे दाटीवाटीने बसली होती. हैबतीची बायको गोजरा पायरीवरून मागे वळली.

"आंधळी सगुणाकाकू घरात एकटी आहे. तिला घेऊन येते," ती म्हणाली.

"गोजरा, वेळ नाही!"

"तिसऱ्या हाळीला पोचते," असे म्हणून ती पळत सुटली.

हैबतीने पहिली हाळी दिली. ओंजळ गळाली. दुसरी दिली. ओंजळ गळाली. तेवढ्यात पाण्यात बाण पडू लागले, नावेतली पोरे रडू लागली, आणि हैबतीचा धीर सुटला. त्याने कोयता उचलला, दोर कापला आणि नाव पाण्यात लोटली.

अलीकडच्या काठावर लोकांनी विचारले, "गोजरा कुठाय?"

हैबती म्हणाला, "तीन हाळ्या दिल्या. कोणी ओ दिली नाही."

तेव्हापासून शामलेने एकही नाव पलीकडे जाऊ दिली नाही. पैलठाण परत घ्यायला राणी सुगंधादेवीने दोनदा फौज पाठवली, आणि दोन्ही वेळा भर दुपारी, वारा नसताना, नावा मध्यधारेत दगडासारख्या तळाला गेल्या. पहिल्या स्वारीत हैबतीची रिकामी नाव फौजेने नेली होती, तीही गेली. त्याच स्वारीत सेनापती वाघोजींचा धाकटा भाऊ सुभानजी बुडाला. हा कर्कोळचा मंत्र आहे, असे सारे म्हणत. कर्कोळ तरी कशाला नाही म्हणेल?

अशी तीन वर्षे गेली. हैबती नदीपासून लांब झोपडी बांधून जाळी विणत राही. झोपडीच्या आढ्याला कापलेल्या दोराचे टोक खोचलेले होते. तो त्याकडे बघत नसे, आणि ते कुठे आहे हे विसरतही नसे.

एके सकाळी दारात एक टिटवी येऊन उभी राहिली. टिटवी बोलत होती; त्या मुलखात याचे कोणाला नवल नव्हते.

"हैबती, नदी तुझी वाट बघते आहे."

"त्या नदीनं माणसं गिळली. तिचं नाव काढू नकोस."

"का गिळली ते तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्या सांजेला मी पायरीजवळ अंड्यांवर बसले होते. मला दोनच्या पुढं मोजता येतं, बाबा."

हैबतीच्या हातातले जाळे गळून पडले. त्याने विचारले, "गोजरा जिवंत आहे?"

"आहे. सगळं गाव जिवंत आहे, पण मुकं. पहाटेपासून चिखल तुडवतात, कर्कोळला शिपाई पुरवतात. येत्या पौर्णिमेपर्यंत त्याची फौज नदी उतरून येईल, कारण चिखलाला बुडण्याची भीती नाही. म्हणून सांगते, तीन कामं कर. बुडालेली तुझीच नाव वर काढ. तिच्या फटी डोंगरावरच्या सालईच्या राळेनं बुजव. आणि आढ्याला खोचलंयस ते राणीपुढं ठेव."

"पहिली दोन करतो," हैबती म्हणाला.

"दोनावर थांबायची तुझी खोडच आहे," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

मग हैबतीने शामलेच्या डोहात बुडी मारली. डोहाच्या तळाशी त्याची नाव होती आणि नावेत एक म्हातारी सुसर झोपली होती. त्याला बघून तिने जबडा उघडला.

"नाव हवी? मग माझ्या दाढेत भाल्याचं पातं रुतलंय ते काढ. मात्र दुखलं तर माझं तोंड मिटतं. माझा इलाज नाही."

हैबतीने खांद्यापर्यंत हात घातला आणि पाते तांदळातला खडा काढावा तसे अलगद काढले. सुसरीने शेपटीचा एक तडाखा दिला आणि नाव काठावर येऊन पडली.

नंतर तो डोंगर चढून सालईच्या झाडाशी गेला. घाई होती, म्हणून त्याने सुरीने राळ खरवडली. हातात नुसती राख आली. दुसऱ्या दिवशीही राख. तिसऱ्या दिवशी त्याने सुरी खाली ठेवली आणि खोडाखाली द्रोण धरून बसला. सकाळी एक थेंब पडला, संध्याकाळी एक. अंगावर मुंग्या चढल्या, तो हलला नाही. नऊ दिवसांनी द्रोण भरला. ती राळ फटींत भरताच नाव नवीकोरी दिसू लागली.

तिसरे काम सर्वांत जवळचे होते. राणीची छावणी झोपडीपासून हाकेच्या अंतरावर पडली होती. पण डोह आणि डोंगर चढून-उतरून आलेल्या हैबतीला तेवढी वाट चालायला पूर्ण एक दिवस लागला. चार पावले जाई, पुन्हा मागे फिरे.

अखेर तो राणीपुढे उभा राहिला आणि दोराचे टोक तिच्या पायांशी ठेवले.

"हे काय?" राणीने विचारले.

"माझ्या नावेचा दोर, राणीसाहेब. तिसरी हाळी न देता मी हा कापला. करार मी मोडला, आणि खोटं बोललो. नावा मंत्रानं बुडाल्या नाहीत. माझ्यामुळं बुडाल्या."

सेनापती वाघोजींनी तलवार उपसली.

"सुभान पोहायला शिकला नव्हता," ते म्हणाले. "मीच त्याला म्हणालो होतो, पैलठाणच्या नदीत नाव बुडत नाही. चल."

हैबतीने मान पुढे केली. "घ्या, सरकार. पण एक मागतो. आधी पलीकडं जाऊ द्या. तिसरी हाळी देऊ द्या. मग मान तुमचीच."

तेव्हा सर्वांनी पाहिले, की तीन वर्षे सुकलेल्या दोराच्या टोकातून पाणी ठिबकत होते.

राणीने ते बोटावर घेतले. "नदीनं ऐकलं," ती म्हणाली. "वाघोजी, तुमचं काय?"

वाघोजींनी तलवार म्यान केली. "मी याच्याच नावेत बसतो. हा पुन्हा पळाला, तर या काठापर्यंत पोचायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे वर आल्यावर, फौज काठावर उभी राहिली. चाळीस नावा ओढून आणल्या होत्या. हैबती म्हणाला, "माझी ओंजळ गळेपर्यंत एकही नाव पाण्यात घालू नका." मग एकटी त्याची नाव निघाली. वल्ह्यावर हैबती, पुढे नाळेवर ढाल घेऊन वाघोजी. मध्यधार आली आणि गेली. नाव बुडाली नाही.

पैलठाणच्या तटावर चिखलाचे शिपाई धनुष्ये घेऊन उभे होते. त्यांच्या मागे, बुरुजावर, कर्कोळ होता. नाव लागताच हैबती उतरून खालच्या पायरीवर उभा राहिला. त्याचा जुना दोर तिथल्या खुंटाला अजून लोंबत होता.

त्याने हाळी दिली.

"कोणी राहिलंय काऽऽ?"

हाळी कड्यावर आपटून परत आली. हैबतीने ओंजळ भरली आणि उभा राहिला.

पाणी गळेना. एक थेंबही नाही. बोटांत फटी होत्या आणि पाणी त्यांत काचेसारखे थांबले होते. तीन वर्षे थांबवलेली ओंजळ होती ती. शामला व्याजासकट थांबायला लावीत होती.

बाण सुटले. वाघोजींनी ढाल हैबतीच्या डोक्यावर धरली.

कर्कोळ बुरुजावरून हसला. "अरे नावाड्या! ओ कोण देणार? तुझी बायको माझा चिखल तुडवते आहे. आवाज कुठाय तिच्याकडं?"

हैबतीने ओंजळ फुटू दिली नाही. एक बाण वाघोजींच्या खांद्यात घुसला. ते गुडघ्यावर आले.

"फेक ते पाणी!" ते ओरडले. "नावेत चढ, नाहीतर दोघंही मरू!"

"मरू, सरकार. पण गळू दे."

वाघोजींनी त्याच्याकडे पाहिले. मग दात खाऊन उठले, ढाल दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर धरली. "गळू दे तर गळू दे," ते पुटपुटले. "राळेसारखा चिकट माणूस आहेस."

तेवढ्यात पहिला थेंब पडला.

मग दुसरा. मग धार लागली. तटावर सर्वांत पुढे असलेल्या शिपायाने हैबतीच्या छातीवर नेम धरला होता. प्रत्यंचा कानापर्यंत ओढली होती. त्या चिखलाच्या शिपायाने तोंड उघडले, आणि त्या तोंडातून बाईचा आवाज आला.

"मी राहिलेय! थांबा, आले!"

आवाज गोजराचा होता.

तो बाहेर पडताच शिपायाचे हात विरघळले आणि धनुष्य तटावरून खाली पडले. शेजारचा शिपाई म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाला, "मी राहिलोय!" पलीकडचा पोराच्या आवाजात म्हणाला, "मीपण! मला पण न्या!" सारे शिपाई शेकडो आवाजांत ओ देऊ लागले, आणि ओ देईल तो चिखल होऊन बसू लागला. सारा तट घळाघळा वाहू लागला.

अलीकडच्या काठावर राणीने हात वर केला. चाळीस नावा एकदम पाण्यात पडल्या, आणि शामलेने त्यांना लेकरांसारखे पाठीवर घेतले.

लढाई तरीही झाली. कर्कोळपाशी दोनशे पगारी भालाईत होते, हाडामांसाचे, आणि त्यांनी पाणदरवाजा आवळून धरला होता. दुपारपर्यंत पायऱ्यांवर घनघोर रेटारेटी चालली. राणीचे लोक दोनदा पायऱ्या चढले, दोनदा मागे रेटले गेले. तिसऱ्यांदा दरवाजा आतून उघडला. आत सारे पैलठाण उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, हातात फावडी आणि घमेली, आणि तीन वर्षांचे ओरडणे एका दमात ओरडत होते. ते ऐकूनच भालाइतांनी भाले टाकले.

कर्कोळ मागच्या बाजूने पळाला आणि चिखल मळायच्या खड्ड्यात कमरेपर्यंत रुतला. वर काढायला त्याने हाका मारल्या. लोकांनी त्यालाही काढले; त्या गावात कोणाला मागे ठेवायची रीत नव्हती. मग राणीने त्याची पोथी नदीत बुडवली आणि त्याला शिक्षा दिली, की तटाचा आणि पायऱ्यांचा सगळा चिखल त्याने एकट्याने धुवायचा. त्याला अकरा वर्षे लागली.

गर्दीतून गोजरा आली. तिने सगुणाकाकूचा हात धरला होता. ती पायरीवर थांबली. हैबतीला मान वर करवेना.

"तिसऱ्या हाळीला पोचते म्हणाले होते," गोजरा म्हणाली. "पोचले."

"गोजरा, मी त्या दिवशी..."

"ठाऊक आहे. मी वरच्या वळणावर होते. दोर कापलेला पाहिला." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही, तो तिला आत्ताच परत मिळाला होता. "तीन वर्षं रोज सांजेला कान देऊन बसत होते. घसा बसला होता का तुमचा?"

सगुणाकाकू म्हणाली, "भांडण नावेत करा गं. माझे पाय दुखतात."

हैबती वळला आणि वाघोजींपुढे मान वाकवून उभा राहिला. "सरकार, बोलल्याप्रमाणं."

वाघोजी पायरीवर बसले होते. वैद्य खांदा बांधत होता. ते नदीकडे बघत राहिले.

"मान घेऊन मी काय करू," ते म्हणाले. "माझी शिक्षा ऐक. जिवंत आहेस तोवर शेवटची नाव तूच सोडायची. आणि तीन हाळ्यांच्या आधी एक माझ्या सुभानची. त्याचीही ओंजळ गळू द्यायची."

"गळू देईन," हैबती म्हणाला.

त्याने खुंटाला लोंबणारे टोक आणि राणीने परत दिलेले टोक एकत्र धरले. गाठ मारायच्या आधीच दोर सांधला.

त्या दिवसापासून पैलठाणला चार हाळ्या देतात. हैबती गेला, त्याच्या मागून दुसरे नावाडी आले, पण पहिली हाळी आजही सुभानजीच्या नावाची असते, आणि तिची ओंजळ सर्वांत सावकाश गळते. मीठ येते, धान्य जाते, नावा बुडत नाहीत.

आमचीही ओंजळ गळाली. कोणी राहिलंय का? नसेल, तर ही कहाणीची नाव सुटली.